हजेरीपटावर नसलेलं नाव

नवी प्रणाली बसवून अकरा दिवस झाले होते आणि त्यांपैकी सातच दिवस शिरीषराव पहिल्या फटक्यात सुरू झाले होते. उरलेल्या चार दिवसांचा तपशील वैजयंतीबाईंनी दोनशे पानी वहीत लाल शाईने तारीखवार लिहून आणला होता. वही त्यांनी टेबलावर ठेवली ती आपटूनच.

"ताजणे, वाच."

भालचंद्र ताजणे पन्नाशीला आला होता. त्याच्या हाताखाली नऊ माणसं काम करत होती आणि त्याने लिहिलेल्या दुरुस्त्या चार देशांतले लोक वापरत होते. पण सातवी 'ब'मध्ये तो वैजयंतीबाईंच्या वर्गात होता आणि बाईंच्या लेखी तो अजून तिथेच बसलेला होता. त्याने निमूटपणे वही उघडली.

प्रयोगशाळा म्हणजे नाशिकबाहेरचं द्राक्षांचं एक जुनं शीतगृह. हातभर जाड भिंतींमुळे बाहेरच्या विद्युतलहरी आत येत नसत, आणि मेंदूतले बारीक संकेत मोजायला अशीच निवांत जागा लागते. द्राक्षं जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी पेट्यांचा आंबूस वास काही गेला नव्हता.

"पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे," बाई म्हणाल्या. "दहा दिवस मी घरी नसणार. यांना रोज सकाळी सुरू करणारं दुसरं कुणी असेल. त्याच्यासमोर हे यंत्र रुसून बसलं तर काय करायचं, ते मला आज कळलं पाहिजे."

'हे' बाहेर उन्हात बाकावर बसून बेदाणे खात होते. शिरीषराव जलसंपदा खात्यातले निवृत्त सर्वेक्षक. चार वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला आणि त्यांच्या डोक्यातली माणसं पुसली गेली. धरणांची उंची, पाटांचे उतार, पावकीचा पाढा, सगळं शाबूत. माणसं तेवढी गेली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी बायकोकडे पाहून अतिशय सभ्यपणे विचारलं होतं, "आपण कोण?" एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. बाई त्या दिवशी रडल्या नाहीत, पण तो प्रश्न त्यांच्या छातीत काट्यासारखा राहिला तो राहिलाच.

मग एका कंपनीने शिरीषरावांच्या कानामागे स्मृतिटेकू बसवला. नखाएवढं यंत्र. ओळखीचा चेहरा समोर आला, आवाज कानावर पडला, की ते मेंदूच्या योग्य जागी हलकासा धक्का देतं आणि माणसाला ओळख पटते. रात्री उशीतून त्याचं विद्युतभरण होतं, तेवढा वेळ ते बंद असतं. सकाळी ते पुन्हा सुरू करावं लागतं. नव्वद सेकंद लागतात. घंटी वाजेपर्यंत रुग्णाने डोळे मिटून पडायचं, अशी सूचना होती. टेकू नसताना डोळे उघडले आणि सगळी दुनिया अनोळखी दिसली, तर माणूस भेदरतो.

गेल्या वर्षी ती कंपनी बुडाली. तिची प्रणाली रोज सकाळी कंपनीच्या केंद्राकडून संकेत मागायची. केंद्रच बंद होणार म्हटल्यावर बारा हजार लोकांचे टेकू एका ठरावीक तारखेनंतर कायमचे मुके होणार होते. तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी स्वतःची मुक्त प्रणाली लिहिली. कुणीही वाचावी, कुणीही बदलावी, कुणाच्या केंद्राची परवानगी नको. मराठीत तिचं नाव ठेवलं 'मोकळीक'. नाव ताजणेचं, मराठी ताजणेचं. सुरू होताना उशाशी ठेवलेल्या पडद्यावर एकेक माणसाचं नाव उमटत जातं, त्या यादीला त्याने 'हजेरीपट' म्हटलं होतं. शाळेने त्याला दिलेला तेवढाच शब्द त्याच्या कामी आला, असं बाई म्हणत.

"भरण नीट होतंय, जोडण्या ठीक आहेत," डॉ. नाझनीन मुकादम पडद्यावरच्या रेघा पाहत म्हणाल्या. त्या मेंदूतज्ज्ञ. यंत्र बसवलेली जागा त्यांची, यंत्रातली प्रणाली ताजणेची, अशी वाटणी होती. "अडतंय कुठे?"

"पहिल्याच ओळीवर," ताजणे म्हणाला. "हे बघा. 'मूळबिंदू शोधत आहे.' सात दिवस पुढची ओळ आली, 'मूळबिंदू: अनामिक. सापडला.' चार दिवस आली, 'सापडला नाही.' दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बटण दाबलं की सापडतोय."

"मूळबिंदू म्हणजे काय, ते मला समजेल असं सांगा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "बाई, पडकी भिंत उभी ठेवायला आपण टेकू लावतो. पण टेकूचं खालचं टोक कुठे तरी घट्ट जमिनीवर टेकवावं लागतं ना? मेंदूची लय रोज झोपेत थोडी सरकते. टेकूने धक्का नेमका कधी द्यायचा, हे त्या लयीवर ठरतं. म्हणून सुरू होताना त्याला मेंदूत एक तरी अशी जागा लागते, जिथे टेकूशिवाय, आपोआप, खरीखुरी ओळख पटतेय. ती सापडली की तिच्यावरून बाकीचं सगळं जुळवता येतं. आधी हे कंपनीचं केंद्र करून द्यायचं. मोकळीक ते मेंदूतच शोधते."

"पण यांना तर कुणीच ओळखू येत नाही."

"माणसं नाही. पण आवाज असेल. पंख्याची घरघर, देवळातली घंटा, काहीही. आपल्याला माहीत नाही, म्हणून अनामिक. तो आवाज चार दिवस झाला नसणार. त्या दिवशी वेगळं काय होतं?"

वहीत सगळं होतं. उठण्याची वेळ, भरणाचा आकडा, पंख्याचा वेग, खिडकी उघडी की बंद, दूधवाला आला की नाही. चार दिवसांत समान असं काहीच निघेना. ताजणेने डोकं खाजवलं.

"ते राहू दे," बाई एकदम म्हणाल्या. "मला दुसरं विचारायचंय." आणि ज्यासाठी त्या खरं म्हणजे आल्या होत्या, ते पान त्यांनी उघडलं. तिथे हजेरीपट उतरवून काढला होता. त्रेचाळीस नावं. पहिलं नाव, केतकी चौबळ.

"ही पहिली का?"

केतकी चौबळ जलसंपदा खात्याच्या नकाशाघरात शिरीषरावांच्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिच्या डब्यातलं वालाचं बिरडं शिरीषरावांनी पंचवीस वर्षं खाल्लं आणि घरी येऊन पंचवीस वर्षं वाखाणलं. बाईंनी एकदा वाल आणून, मोड काढून, सोलून बिरडं करूनही पाहिलं. शिरीषराव म्हणाले, "छान आहे." ज्या सुरात म्हणाले, तो सूर बाई विसरल्या नव्हत्या. पुढे केतकी निवृत्त होऊन बडोद्याला गेली, विधवा झाली, दिवाळीला तेवढा तिचा निरोप यायचा. अकरा वर्षांत तिची भेट नव्हती. आणि आता रोज सकाळी बाईंच्या डोळ्यांदेखत, बाईंच्याच नवऱ्याच्या डोक्यात, सगळ्यांच्या आधी ती हजर होत होती.

"आणि माझं नाव कुठाय?" बाईंचा आवाज बारीक झाला. "त्रेचाळीसात मी नाही. समोरच्या इमारतीचा पहारेकरी आहे, अडतिसावा. यांची चुलत आत्या आहे, ती तर वारली. मी नाही. जुन्या प्रणालीत चार वर्षं माझं नाव पहिलं यायचं."

ते खरं होतं. कंपनी सगळ्याच गिऱ्हाइकांच्या यादीत जोडीदाराचं नाव पहिलं टाकायची. घरोघरी शांतता राहते. बाईंना हे माहीत होतं आणि तरी रोज बरं वाटायचं.

ताजणे घोटाळला. यादी बनवण्याचा भाग त्याने लिहिला नव्हता. तो लिहिणारा गट दूर कुठे तरी होता आणि त्यांनी सोबत चौदा पानांची टीप जोडली होती. ती ताजणेने वाचली नव्हती. कुणीच वाचत नाही. अडलं की लोक तक्रारफलकावर विचारतात. 'माहीत नाही, वाचून सांगतो' एवढं म्हणायला काय हरकत होती? पण समोर बाई होत्या. सातवीतही उत्तर येत नसलं की ताजणे उभा राहून काहीतरी ठोकून द्यायचा.

"वापरावर असणार, बाई," तो म्हणाला. "ज्यांची आठवण मनात जास्त निघते, ती नावं वर. जी निघत नाही, ती... पटावर येत नसणार."

डॉक्टरांनी भुवई उंचावली, पण त्या प्रणालीच्या वाटेला जात नसत.

ताजणे न वाचता बोलतो हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी त्याला याच खोडीसाठी अंगठे धरून उभं केलं होतं. पण जे आपल्या मनात आधीच सलतंय तेच कुणी बोललं, तर ते खोटं आहे का हे तपासायला कोण जातं? बाईंना ते लगेच पटलं.

बाहेरून शिरीषराव आत डोकावले. "अगं, बेदाणे संपले. झालं का तुमचं? इथे बसलं की डब्याची आठवण येते बघ. नकाशाघरात असाच वास असायचा. केतकीबाईंचं ते बिरडं..."

"ताजणे," बाई म्हणाल्या, "माझं नाव घाल. पहिलं."

"हाताने घालता येतं, बाई. मुक्त प्रणाली आहे, मालक म्हणेल ते." त्याला उत्तर चुकल्याचं कुणी पकडण्याआधी विषय संपवायचाच होता.

"उद्यापर्यंत थांबूया का?" डॉक्टर म्हणाल्या. "एक तक्रार सुटलेली नसताना दुसरा बदल..."

"चार वर्षं मी थांबलेय," बाई म्हणाल्या.

दोन मिनिटांचं काम. पटावर पहिल्या जागी वैजयंती हे नाव चढलं आणि केतकी चौबळ दुसरी झाली. परत येताना बाईंनी गाडीत गाणं लावलं.

दुसऱ्या दिवशी त्या सहालाच उठल्या. नवं लुगडं नेसल्या, हातात काचेच्या बांगड्या भरल्या आणि नवऱ्याच्या उशाशी खुर्ची ओढून बसल्या. "अहो, डोळे मिटून राहा हं," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

मूळबिंदू शोधत आहे.

सापडला नाही.

दुसऱ्यांदा दाबलं. पंखा होता तसाच चालू होता, खिडकी रोजच्याइतकीच उघडी. सापडला नाही. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा पडदा लाल झाला: 'आरंभ थांबवला. दुरुस्तीसाठी बाहेरून जोडा.'

म्हणजे आता टेकू नाही. घंटी वाजणार नाही. हे डोळे उघडतील, आपल्याकडे बघतील आणि पुन्हा तेच दोन शब्द विचारतील. सभ्यपणे.

"झालं का गं?" असं काहीतरी शिरीषराव पुटपुटले असावेत. बाईंनी ते धड ऐकलंच नाही. "डोळे उघडू नका! डॉक्टर येतायत!" एवढं ओरडून त्या खोलीबाहेर पळाल्या आणि ताजणेला फोन लावला. पुढची चाळीस मिनिटं त्या दुखऱ्या गुडघ्याने व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. आत त्यांचा नवरा डोळे मिटून, आज्ञाधारकपणे, एकटा पडून होता.

ताजणे आणि डॉक्टर आले. ताजणेने तार जोडली, पडद्यावरच्या ओळी पाहिल्या आणि त्याचा चेहरा पडला. मग बाईंच्या देखत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, त्याने ती चौदा पानांची टीप उघडली. चौथ्या पानावर तो थांबला.

"मोठ्याने वाच," बाई म्हणाल्या.

"'हजेरीपटावर फक्त तीच माणसं येतात...'" ताजणेने ओळीवर बोट ठेवलं. "'...ज्यांची ओळख रुग्णाला टेकूशिवाय पटत नाही. ज्यांना जास्त टेकू लागतो ती आधी, कारण त्यांना जुळवायला वेळ लागतो. सर्वांत पुसट नाव पहिलं. ज्यांना टेकू लागत नाही, ती पटावर येत नाहीत.'"



"पुढे वाच," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"'पटावर नसलेल्या, म्हणजे टेकूशिवाय ओळखू येणाऱ्या माणसाचा आवाज किंवा चाहूल हाच बहुधा मूळबिंदू ठरतो. त्याचं नाव यंत्राला माहीत नसतं, म्हणून अनामिक. सूचना: असं नाव हाताने पटावर घालू नये. पटावरची नावं मूळबिंदूच्या शोधातून वगळली जातात.'"

"म्हणजे किल्ली कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं," डॉक्टर म्हणाल्या. "पट उघडायला मूळबिंदू हवा, आणि तो आपण काल पटात घातला." त्यांनी बाईंची लाल शाईची वही ओढली. "बाई, ते चार दिवस बटण दाबल्यावर तुम्ही कुठे होतात?"

वहीत हे नव्हतं. शिक्षक मुलांची हजेरी घेतो, स्वतःची त्या पानावर मांडत नाही.

"इथे," बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात."

"आणि मग यंत्र अडलं की आत यायचात."

"हो."

"इथे का यायचात?"

बाईंनी ओट्याकडे पाहिलं. "रागावून. चौथ्या दिवशी तिचं नाव पहिलं आहे हे माझ्या लक्षात आलं. ते उमटताना मला बघवत नव्हतं."

"पण त्यांनी मला ओळखलं नव्हतं," त्या ओट्याकडे बघतच पुढे म्हणाल्या. "दवाखान्यात. मी समोर होते."

"जुनी ओळख पुसली, ती परत आलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही नवी आहे. चार वर्षं रोज तुमचा आवाज, तुमची पावलं, तुमचं बोलणं. टेकूच्या शेजारी मेंदूने स्वतःची वेगळी ओळख तयार केली. त्यांनी तुम्हाला नव्याने शिकून घेतलंय. आम्ही कुणी तपासलं नाही, कारण टेकू बंद असताना त्यांना कधी जागं ठेवलंच नाही."

बाईंना आधी हसू आलं, आणि ते फार चांगलं नव्हतं. "म्हणजे केतकी सर्वांत पुसट?"

"सर्वांत पुसट," ताजणे म्हणाला. त्याच्या उत्तराने बाई आज पहिल्यांदाच खूश झाल्या होत्या.

नाव काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण मग डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. कालचा दिवसभर यंत्राने बाईंच्या ओळखीला टेकू दिला होता. जुन्या प्रणालीत चार वर्षं टेकू मिळत असतानाही ही ओळख वाढली, तेव्हा एका दिवसाने ती ढिली होऊ नये. "होऊ नये, एवढंच मी म्हणते. असं कुणी केलेलं नाही अजून. आत जा आणि रोजच्यासारखं बोला."

बाई खुर्चीत बसल्या. ताजणेने बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली, 'मूळबिंदू शोधत आहे.' आणि बाईंना काही सुचेना. एकेचाळीस आणि चार, पंचेचाळीस वर्षं त्या या माणसाशी बोलत होत्या, आणि आता बोलायला शब्द नव्हता. वीस सेकंद गेले. तीस. डॉक्टर हाताने खुणावत होत्या, बोला, बोला.

"आधीच सांगते," बाई चिडून म्हणाल्या, कारण त्यांच्या मनात खरोखर तेवढंच होतं, "वालाचं बिरडं मी परत करणार नाही. मेले तरी करणार नाही. हवं तर बडोद्याला जा खायला!"

मिटल्या डोळ्यांनी शिरीषराव हसले. "अगं, सकाळी सकाळी बिरड्याचं काय मध्येच?"

मूळबिंदू: अनामिक. सापडला.

मग केतकी चौबळ पहिली आली आणि मागोमाग बाकीचे बेचाळीस. घंटी वाजली. शिरीषरावांनी डोळे उघडले, ताजणेला पाहिलं, डॉक्टरांना पाहिलं, मग बायकोला. "हिला रडवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

गोष्ट इथे संपली असती तर बाईंना फार आवडलं असतं. पण त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. दुपारी जेवणं झाली, आणि भांडी आवरताना पुढची पायरी त्यांच्या लक्षात आली. त्यांनी ओल्या हातांनीच डॉक्टरांना फोन केला.

"मूळबिंदू मी. मग मी दहा दिवस दवाखान्यात असताना हे सुरू कसे होणार? माझा आवाज मुद्रित करून ठेवला तर?"

"तो विचार मीही केला. सकाळी तार जोडलेली होती तेव्हाच ताजणेंनी करून पाहिलं. मुद्रणाला मेंदूची तशी दाद मिळत नाही. जिवंत माणूस हवा."

"आणि दहा दिवसांचं सोडा. मला काही झालं तर?"

"दुसरा मूळबिंदू तयार करावा लागेल. कुणीतरी घरी येऊन राहायचं, दिवसभर सोबत असायचं, बोलायचं, महिनोन्‌महिने. अगदी नवख्या माणसाला वर्षं लागतील. पटावरचं कुणी असेल तर लवकर जमेल, कारण खाली जुना धागा उरलेला असतो."

बाईंनी पट काढला. मुलगा कॅनडात. नणंद चौऱ्याऐंशी वर्षांची. शेजारी आपापल्या संसारात. पहारेकरी रजेवर. त्यांनी त्रेचाळीस नावांवरून दोनदा बोट फिरवलं, आणि दोन्ही वेळा ते जिथून निघालं होतं तिथेच परत आलं. एकटी. निवृत्त. दिवाळीच्या निरोपात दरवर्षी लिहिणारी, 'काही लागलं तर हक्काने हाक मारा.'

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. शस्त्रक्रिया त्यांनी पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी बडोद्याला फोन केला.

केतकी चौबळ आली ती एक पिशवी कपडे आणि दोन किलो मोड आलेले वाल घेऊन. सत्तरीची, बारकी, एका कानाने बहिरी, आणि त्यामुळे मोठ्याने बोलणारी. बाईंनी तिला पाहताक्षणीच ती दिसायला काही विशेष नाही अशी नोंद केली आणि मग संध्याकाळी ओट्याशी बसून तिच्यासोबत वाल सोलले.

"वहिनी, मी रोज सकाळी बोलायचं काय त्यांच्याशी?"

"तुमचं तुम्ही बोला," बाई म्हणाल्या. "मी बोलते ते बोलू नका म्हणजे झालं."

दर रविवारी मोकळीक सगळ्यांची ओळख नव्याने तपासायची आणि पट बदलायचा. बाई लाल शाईने उतरवून घ्यायच्या. पहिल्या रविवारी केतकी पहिली. तिसऱ्या रविवारी सहावी. सहाव्या रविवारी एकोणिसावी. पूर्वी बाई पटावर आपलं नाव शोधायच्या. आता त्या तळापासून वर वाचत जायच्या आणि आपलं नाव दिसलं नाही की सुस्कारा सोडायच्या. त्यांची ओळख पुसट होऊ लागून ते ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी ते पहिल्यांदा तळाशीच दिसणार होतं.

सकाळची खुर्ची त्यांनी केतकीला दिली. हे लिहायला एक ओळ लागते. बाईंना त्यासाठी पाच आठवडे लागले. सकाळी बटण दाबलं की केतकी धरणांच्या जुन्या नकाशांबद्दल मोठमोठ्याने बोलायची, साहेबांच्या नकला करायची, आणि बाई दारात उभ्या राहून एखादाच शब्द टाकायच्या, यंत्र सुरू व्हावं एवढ्यापुरता. शिरीषराव नकलांना हसायचे. ते हसले की बाई पेन दाबत वहीत लिहायच्या, 'आज हसले. चांगली प्रगती.' एकदा त्यांनी केतकीला उगाचच झापलं, मीठ जास्त पडलं म्हणून. मीठ बरोबर होतं. केतकीने उठून भाजीत बटाटा घातला.

"वहिनी," ती एकदा म्हणाली, "तुम्हाला मी इथे नको आहे, ना?"

"नकोच आहात," बाई म्हणाल्या. "पण हव्या आहात. चहा घ्या."

दहाव्या रविवारी केतकी एकेचाळिसावी होती. त्या आठवड्याच्या शेवटी दवाखान्याची तारीख होती. ताजणेने रविवारची ओळख-तपासणी आधी घ्यायची सोय करून दिली आणि म्हणाला, "बाई, यावेळी टीप वाचलीय. सगळी." उशाच्या पडद्यावरचं सगळं दाखवणारा दुसरा एक पडदाही त्याने दिला, स्वयंपाकघरात ठेवायला.

निघायच्या दिवशी सकाळी बाईंनी हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि रुमालात गुंडाळल्या, किणकिण ऐकू जाऊ नये म्हणून. चपला काढून ठेवल्या. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्या उभ्या राहिल्या. आज त्यांनी घरात नसल्यासारखंच असायला हवं होतं. नव्वद सेकंद, चाहूलही नको. आत केतकीने बटण दाबलं आणि भंडारदऱ्याच्या कुठल्याशा साहेबाची नक्कल सुरू केली.

मूळबिंदू शोधत आहे.

अकरा सेकंद.

मूळबिंदू: अनामिक. सापडला.

मग नावं येऊ लागली. पहिलं नाव कॅनडातल्या मुलाचं होतं. बाई एकेक वाचत गेल्या. आत्या, नणंद, शाळेतले दोन मित्र, पहारेकरी. बेचाळीस नावं झाली आणि पट थांबला. त्यात केतकी चौबळ नव्हती. वैजयंतीही नव्हती.

त्यांना जे हवं होतं ते झालं होतं. दहा आठवडे त्यांनी स्वतःच्या हाताने ते घडवलं होतं, खुर्ची देऊन, वाल सोलून. आता त्या निर्धास्त दवाखान्यात जाऊ शकत होत्या. उद्या काही बरंवाईट झालं तरी हा माणूस कुणासमोर भेदरून उठणार नव्हता. आणि त्यांचा जीव जळत होता. या घरातल्या दोन बायकांची नावं आता यंत्राला माहीत नव्हती, आणि यंत्रापुरत्या त्या दोघी सारख्याच होत्या.

घंटी अजून वाजायची होती. आतून शिरीषरावांचा आवाज आला, झोपेतला, जड.

"केतकीबाई, तुमची नक्कल राहू द्या. ही कुठे गेली?"

पडद्यावर एकवीस सेकंद बाकी होते. बाईंनी रुमालातल्या बांगड्या मुठीत घट्ट धरल्या आणि ते संपेपर्यंत ओ दिली नाही.